सांगोला विधानसभा : अकरा वेळा आबासाहेब, आणि मधली ती १९२ मतं

माणकाठ :

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. सांगोला म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, एक म्हणजे गणपतराव देशमुख, आपले आबासाहेब, अकरा वेळा आमदार झाले आणि दुसरी ती २०२२ ची शहाजीबापू पाटलांनी गुवाहाटीहून केलेल्या फोनची क्लिप, काय झाडी काय डोंगार. या दोन्हीच्या मधे साठ वर्षांचं राजकारण आहे आणि त्यावर कुणी नीट बोलत नाही, लिहिलं तरी श्रद्धांजलीच्या लेखासारखं लिहितं.

आधी वर्षं मांडतो. आबासाहेब निवडून आले ते १९६२, ६७, ७४ ची पोटनिवडणूक, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, २००९ आणि २०१४. झाले अकरा. हरले दोनदा, १९७२ ला आणि १९९५ ला. २०१९ ला वय नव्वदीच्या पुढं गेल्यामुळे उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरा नातू उभा राहिला आणि आला.

माझा प्रश्न असा की शेतकरी कामगार पक्ष महाराष्ट्रात सगळीकडून निघून गेला, मग सांगोल्यात का टिकला? लोक म्हणतात सांगोला म्हणजे आबांचा बालेकिल्ला, डोळे झाकून निवडून यायचे. मला ते अजिबात पटत नाही. माझ्या मते ही जागा कायम घासून लढवली गेलेली जागा आहे आणि तिचा खरा इतिहास हरलेल्या दोन निवडणुकांत सापडतो. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

जुना_लालबावटा :

चांगला धागा. माझं वय झालंय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

शेकाप समजल्याशिवाय १९६२ समजणार नाही. पक्ष १९४७-४८ चा, केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, कारण त्यांना वाटलं काँग्रेस शेतकऱ्याची राहिली नाही. पुढं जेधे आणि मोरे दोघंही काँग्रेसमधे परत गेले हे वेगळं, पण गावोगावी जी माणसं लाल बावटा धरून उभी होती ती तशीच राहिली. मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन आलं. १९५७ ला समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला, त्यात शेकापचा मोठा वाटा. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीची हवा संपली, यशवंतरावांनी बहुजन समाज काँग्रेसकडं ओढून घेतला. १९६२ ला काँग्रेसचे २६४ पैकी २१५ आले. शेकापचे १५. त्या १५ मधे सांगोला होतं. म्हणजे विरोधक सगळीकडं झोपलेले असताना ही जागा आली हे लक्षात घ्या.

आणि आबासाहेब मूळचे सांगोल्याचे नव्हेतच. मोहोळ तालुक्यातलं पेनूर त्यांचं गाव. वकिली शिकून इकडं आले. भावकी नाही, वाडा नाही, कारखाना नाही. परक्या तालुक्यातला वकील उभा राहतो आणि दुष्काळी माणूस त्याला निवडून देतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बेरीज_वजाबाकी :

माणकाठ दादा, तुमच्या प्रश्नाला आकड्यांनी धार येईल म्हणून शेकापचे राज्यातले आमदार देतो. १९६२ ला १५, ६७ ला १९, ७२ ला ७, ७८ ला १३, ८० ला ९, ८५ ला परत १३, ९० ला ८, ९५ ला ६, ९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३, २०१९ ला १ आणि २०२४ ला १. २०१९ चा तो एक लोह्याचा होता, सांगोल्याचा नव्हता. २०२४ चा एकुलता एक सांगोल्याचा.

१९६७ नंतर पक्ष कधीच १९ वर गेला नाही. रायगड सोडलं तर सलग पट्टा असा उरलाच नाही, कंधारला केशवराव धोंडगे होते तोवर होतं. म्हणजे सांगोल्यात जे मत पडत होतं ते पक्षाला कमी आणि माणसाला जास्त होतं असं मी म्हणेन.

जुना_लालबावटा :

बेरीज साहेब, माणसाला जास्त हे मान्य, पण पक्षाला कमी हे मान्य नाही. वाडीवस्तीवर शेकापचा माणूस होता. त्याला पगार नव्हता, ठेका नव्हता. रेशनकार्ड, सातबारा, फौजदारी, सोयरिकीतलं भांडण, सगळ्याला तोच. आबासाहेब एसटीनं फिरायचे म्हणून आज सगळे कौतुक करतात, पण त्या एसटीतून उतरल्यावर स्टँडवर जो माणूस सायकल घेऊन उभा असायचा त्याचं नाव कुणी घेत नाही. पक्ष म्हणजे तो माणूस.

सोलापूर_एक्सप्रेस :

माफ करा मधेच बोलतोय. अकरा वेळा हा देशातला विक्रम आहे असं फॉरवर्ड सारखं फिरतं ते दुरुस्त करू या. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले, तेही एकाच जागेवरून. महाराष्ट्रात आबासाहेबांच्या पुढं कुणी नाही, एवढं पुरेसं आहे. खोटा विक्रम चिकटवायची गरजच नाही त्यांना.

माणकाठ :

@सोलापूर_एक्सप्रेस धन्यवाद, हे बरं झालं लिहिलंत. आता ७२ कडं येऊ या का? कारण त्यावर कुठंच काही वाचायला मिळत नाही.

जुना_लालबावटा :

७२ सांगतो. इंदिराबाईंची लाट. आदल्याच वर्षी बांगलादेश झालेला, गरिबी हटाव झालेलं, काँग्रेस २७० पैकी २२२. शेकाप १९ वरून ७ वर. आबासाहेबांना काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे पाटलांनी पाडलं, जवळ्याचे. जवळ्याचं साळुंखे घराणं तेव्हापासून या तालुक्यातलं तिसरं टोक आहे हे पुढं २०१९ आणि २०२४ ला कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आणि दोनच वर्षांत, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. मधल्या काळात काय झालं होतं? ७२ चा दुष्काळ. माझं वय तेव्हा लहान, पण मला सुकडी, ते दुष्काळात वाटलेलं खाणं, आठवते, खडी फोडायचं काम आठवतं, आमच्या आईच्या हाताला आलेले फोड आठवतात. मार्चमधे ज्या लोकांनी लाटेवर मत दिलं तेच लोक त्या उन्हाळ्यात नि पुढच्या उन्हाळ्यात खडीवर होते. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा, माण, सगळा पट्टा रोजगार हमीच्या कामावर. त्या कामांवर मजुरी वेळेवर द्या, पाणी ठेवा, झाडाखाली पोरांना जागा करा म्हणून भांडणारे लाल बावट्याचे होते. ७४ चा निकाल मला तिथंच दिसतो.

चिकमहूदकर :

मी वेगळ्या बाजूचा आहे, आमच्या घरात पहिल्यापासून बापूंना मत. शहाजीबापू पाटील आमच्या गावचे. पण आबासाहेबांबद्दल वाईट बोलणार नाही, कुणी बोललं तर मलाच राग येतो. फक्त एक सांगायचंय, आबासाहेबांवर लिहिणारे सगळे बापूंना असं लिहितात की जसे ते मधेच कुठून तरी आले आणि ७६८ मतांनी नशीब उघडलं. असं नाहीये.

१९९५ ला आबासाहेबांना पाडलं ते बापूंनी, १९२ मतांनी. काँग्रेसच्या तिकिटावर. त्या वर्षी राज्यात काँग्रेस ८० वर आली होती, युतीचं सरकार आलं, अपक्ष ४५ आले, काँग्रेसचे बडे बडे पडले आणि अशा वर्षात एक तरुण पोरगा काँग्रेसकडून सांगोला जिंकतो. त्यानंतर परत आमदार व्हायला त्यांना २४ वर्षं लागली. २४ वर्षं! या माणसानं मधल्या काळात तालुका सोडला नाही. लग्न, मयत, जत्रा, कुठंही जा बापू हजर. पडलेला माणूस इतकी वर्षं उभा राहतो तेव्हा त्याच्या मागंही लोक असतात ना. आम्ही होतो.

माणकाठ :

@चिकमहूदकर अगदी हेच मला हवं होतं दादा. मी जे वर म्हटलं, जागा कायम घासून होती, त्याचा अर्थच हा की दुसरी बाजूही कायम तेवढीच घट्ट होती. बालेकिल्ला म्हटलं की त्या निम्म्या तालुक्याला पुसून टाकल्यासारखं होतं.

आणि ९५ ची अजून एक गोष्ट. तेव्हा मशीन नव्हतं, मतपत्रिका, त्यावर शिक्का. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला तर वाद, घडी घालताना शाई पलीकडं उमटली तर वाद. १९२ चा फरक म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक गावाला वाटत राहिलं की आपल्या गावातली दोन मतं इकडची तिकडं झाली असती तर. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या वाडीत पुढची पाच वर्षं हेच बोलणं.

अंजली_पुणे :

राजकारणातलं मला फार कळत नाही पण हे सगळं जातीचं गणित नव्हतं का? आबासाहेब धनगर समाजाचे, तालुक्यात धनगर समाज मोठा, समोर मराठा उमेदवार. आमच्या ऑफिसमधे एक जण कायम असंच एका वाक्यात निकालात काढतो. खरं काय ते विचारतेय.

बेरीज_वजाबाकी :

ताई प्रश्न रास्त आहे आणि ज्यांना जात दिसत नाही असं म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. समाज मोठा आहे, त्याचा आधार होताच. पण हेच गणित १९७२ लाही होतं, ९५ लाही होतं, २०१९ लाही होतं, तिन्ही वेळा हरले. आणि हेच गणित शेजारच्या तालुक्यांतही थोड्याफार फरकानं आहे, तिथं असा माणूस साठ वर्षं का नाही टिकला? जात तुम्हाला लढतीत आणते, पहिल्या दोनात बसवते. त्याच्या पुढची जी पाच-दहा हजार मतं लागतात ती सगळ्या समाजातून आणावी लागतात. आबासाहेबांना मराठा मतं नव्हती म्हणणाऱ्यानं सांगोल्यात एक दिवस येऊन बसावं, त्यांचे किती तरी गावपुढारी मराठा होते.

डाळिंबबाग :

मी शेतकरी, घरची बाग मी आणि नवरा दोघं बघतो. तुम्ही सगळे निवडणुकांवर बोलताय, एका गोष्टीचं नाव अजून आलं नाही, पाणी. आमच्याकडं पाऊस म्हणजे परतीचा, तो आला तर आला. माण नदी वर्षातले किती तरी महिने वाळूच. सांगोल्याची प्रत्येक निवडणूक पाण्यावर झालीय, भाषण काढून बघा कुणाचंही.

प्यायचं पाणी आलं ते शिरभावी योजनेनं, ८१ गावांची योजना, भीमेचं पाणी. त्याआधी टँकर. शेतीला पाणी म्हणजे टेंभू आणि म्हैसाळ. कृष्णेचं पाणी कराडजवळून टप्प्याटप्प्यानं उचलत उचलत आणायचं, खानापूर आटपाडी करत आमच्यापर्यंत. आम्ही शेवटाला. शेवटाला असणं काय असतं ते कालव्याच्या शेवटाला राहणाऱ्यालाच कळतं, वरची गावं भरून घेतात, मग लाईट बिलाचा घोळ होतो आणि पंप बंद, आपली बारी येईस्तोवर आवर्तन संपलेलं.

ही मागणी कुणी रेटली तर नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, भारत पाटणकर यांनी. आटपाडीला १९९३ ला पाणी परिषद झाली तेरा दुष्काळी तालुक्यांची, तिथून दरवर्षी. माझे सासरे कायम जायचे. भाकरी बांधून जायचे.

चिकमहूदकर :

ताई पाण्याचं बोललात म्हणून विचारतो, राग मानू नका. पन्नासच्या वर वर्षं आमदारकी आणि तरी पाणी इतकं उशिरा का? आमच्या बाजूचा हाच प्रश्न असायचा. दोन वेळा मंत्री झाले, १९७८ ला पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात. बाकी कायम विरोधात. विरोधात राहून माणूस स्वच्छ राहतो पण निधी कुठून येणार? बापूंनी २०१९ नंतर सांगोला उपसा सिंचन योजनेसाठी, उजनीच्या पाण्याची, जिला बाळासाहेब ठाकरेंचं नाव दिलंय, तिच्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या दारात बसून काम रेटलं. लोक क्लिपवर हसले, आम्ही त्यांच्याकडं पाण्यासाठी बघत होतो.

डाळिंबबाग :

राग कशाला दादा, आमच्या घरातही हे भांडण होतं. माझे सासरे एका बाजूला, दीर दुसऱ्या बाजूला, जेवायला बसले की सुरू. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. एक गंमतीशीर नाही म्हणणार, पण विचार करण्यासारखी गोष्ट सांगते. कृष्णा खोरे महामंडळ झालं १९९६ ला, युतीच्या सरकारात, कारण बच्छाव लवादानं ठरवून दिलेलं कृष्णेचं पाणी मे २००० च्या आत अडवलं नाही तर हक्क जाईल अशी भीती होती. टेंभूच्या कामाला तेव्हाच गती आली. म्हणजे सांगोल्याच्या पाण्याचं सरकारी पान उलटलं ते आबासाहेब विधानसभेत नसताना, बापू आमदार असताना, आणि दोघांच्याही विरोधी सरकारात! आणि परिषदांमधून रेटा लावणारे आबासाहेब. आता श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, मला माझ्या बागेत थेंब पडला याचा आनंद.

आणि पाणी येण्याआधीच डाळिंब आलं हे विसरू नका. थोडक्या पाण्यावर ठिबक, शेततळं, हलकी माळरानाची जमीन, तिला डाळिंब मानवलं. अजनाळ्यासारखं गाव बघा, बंगले उभे राहिले. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातून सुटली, पश्चिम बंगालला शालिमारला. मग तेल्या, मर हे रोग, खोडाला लागणारा तो भुंगेरा, बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. आमची अर्धी काढली. २०२४ च्या मतदानात कुणी जात बघितली असेल कुणी पक्ष, आमच्या शिवारातल्या किती तरी लोकांच्या डोक्यात ती काढलेली बाग होती.

बेरीज_वजाबाकी :

ताई हे फार मोलाचं लिहिलंत. छोटी दुरुस्ती, तो बच्छाव नाही बच्छावत लवाद. बाकी २००० ची मुदत बरोबर.

सूतगिरणीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सांगोल्यात कापूस पिकत नाही आणि तरी शेतकरी सहकारी सूतगिरणी चालली, पुढं महिलांची वेगळी सूतगिरणी उभी राहिली. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत असताना. साखर कारखान्यावर राजकारण करणाऱ्या जिल्ह्यात एक नेता कारखान्याच्या जिवावर नाही तर सूतगिरणीच्या कामगारांवर उभा आहे, हे चित्र सोलापूर जिल्ह्यात दुसरीकडं नाही. अकलूज, माढा, पंढरपूर, सगळीकडं ऊस आणि कारखाना. सांगोल्यात तो आधार नव्हताच, म्हणून इथं मतदार कुणाच्या बिलाला बांधलेला नव्हता. मला वाटतं घासून लढती होण्याचं हे मोठं कारण आहे. ज्या तालुक्यात उसाचं बिल आणि नोकरी एकाच घरातून येते तिथं १९२ नि ७६८ असे निकाल लागत नाहीत.

माणकाठ :

हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. पटला.

आता २०१९ कुणी नीट सांगेल का? मी पुण्यात होतो, मतदानाला गाडी करून आलो पण आतलं काही कळलं नाही.

फडताळ :

मी सांगतो, मी त्या वेळी एका बूथवर शेकापचा पोलिंग एजंट होतो.

आबासाहेबांनी थांबायचं ठरवलं. पक्षानं आधी भाऊसाहेब रुपनर यांचं नाव जाहीर केलं. कार्यकर्त्यांना ते रुचलं नाही, घरातलाच माणूस द्या म्हणून धरलं, आणि नाव बदलून डॉ. अनिकेत देशमुख, आबासाहेबांचा नातू. आता बघा, ज्या पक्षानं कायम घराणेशाहीविरुद्ध बोललं त्याच्या कार्यकर्त्यांनीच घरातला माणूस मागितला. मी पण मागणाऱ्यांत होतो, खोटं कशाला बोलू. आम्हाला आबासाहेबांचा चेहरा हवा होता. रुपनर माणूस चांगला होता, त्यांच्यावर अन्याय झाला असं मला आता वाटतं.

दुसरीकडं राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे, ते जवळ्याचं घराणं, त्यांनी बापूंना साथ दिली. बापूंचं तिकीट शिवसेनेचं. निकाल बापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. दोघंही लाखाच्या उंबऱ्यावर. ७६८ चा फरक.

आबासाहेब होते तेव्हा, २०१४ ला, बापूंवर २५,२२४ चं लीड होतं, ९४,३७४ विरुद्ध ६९,१५०. म्हणजे पाच वर्षांत शेकापची मतं कमी झालेली नाहीत, उलट चार हजारांनी वाढली. बापूंची तीस हजारांनी वाढली. लोक म्हणाले आबासाहेबांची पुण्याई संपली, आकडे तसं म्हणत नाहीत. समोरची सगळी मतं एका जागी आली, एवढंच झालं. पण त्या रात्री हे कुणाला सुचणार. आमच्या गल्लीत कुणाच्या घरात चूल पेटली नाही.

चिकमहूदकर :

आमच्या गल्लीत दिवाळी होती. २४ वर्षांची.

बेरीज_वजाबाकी :

फडताळ, तुमचंच गणित पुढं नेतो. २०२४ ला तेच उलटं झालं. दीपकआबा या वेळी ठाकरेंच्या शिवसेनेकडून स्वतः उभे राहिले, आघाडीत शेकाप असतानाही जागा त्यांना गेली, म्हणून शेकाप वेगळा लढला. डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६, शहाजीबापू ९०,८७०, दीपकआबा ५०,९६२. लीड २५,३८६.

लगेच सगळे म्हणाले मतविभागणीमुळे आले, बापू अधिक दीपकआबा १,४१,८३२ होतात. अशी सरळ बेरीज मला मान्य नाही. बापूंची २०१९ च्या मानानं ८,५९४ मतं कमी झाली, फक्त तेवढीच. म्हणजे दीपकआबांच्या जवळजवळ ५१ हजारांतली बरीचशी बापूंकडून फुटलेली दिसत नाहीत, नवे मतदार, वाढलेलं मतदान, शिंदेंवर राग असलेले शिवसैनिक, जवळा भागातला स्वतःचा गट असं सगळं त्यात आहे. आणि बाबासाहेबांची २०१९ च्या शेकापपेक्षा १७,५६० मतं वाढली ती कुणाच्या फुटीमुळे वाढलेली नाहीत, ती मिळवलेली आहेत.

त्याच निवडणुकीत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांचे ४१. एवढ्या पुरात सांगोल्यातून लाल बावटा एकटा वर आला. १९६२ च्या २१५ ची आठवण येते.

फडताळ :

२०२४ ला दोन्ही भाऊ, अनिकेत आणि बाबासाहेब, दोघांनाही उभं राहायचं होतं. काही काळ आमची झोप उडाली होती, दोन गट पडले असते तर संपलंच होतं. शेवटी घरात बसून ठरलं. मला विचाराल तर २०२४ ची निवडणूक त्या दिवशी जिंकली, मतदानाच्या दिवशी नाही.

सोलापूर_एक्सप्रेस :

एक तांत्रिक गोष्ट राहिली. २००८ च्या पुनर्रचनेनंतरचा सांगोला म्हणजे नुसता तालुका नाही, पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळही त्यात आहे. त्यामुळे जुन्या निकालांची २००९ नंतरच्या निकालांशी गावनिहाय तुलना करताना भाळवणीकडची गावं बाजूला काढून बघा, नाहीतर चुकेल.

जुना_लालबावटा :

भाळवणीचं बरं आठवलं. आणि २००२ चं पण लिहून ठेवा कुणीतरी. विलासरावांचं सरकार अडचणीत आलं तेव्हा रायगडातल्या भांडणावरून शेकापनं पाठिंबा काढला. सांगोल्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. आबासाहेबांचं मंत्रिपद गेलं. पक्षानं सांगितलं, सोडलं. तालुक्यातले कितीतरी लोक हळहळले, मंत्रिपद राहिलं असतं तर कामं झाली असती म्हणून, चिकमहूदकरांचा मघाचा प्रश्न तिथंही आहे. तरी २००४ ला परत निवडून दिलं.

अंजली_पुणे :

मी विचारलेल्या एका प्रश्नातून इतकं वाचायला मिळालं, सगळ्यांचे आभार. ऑफिसमधल्या त्या माणसाला आता लिंक पाठवते.

माणकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी वडिलांना वाचून दाखवला, त्यांचं वय ८१, डोळ्याला आता अक्षर दिसत नाही. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं म्हणून त्यांचं पहिलं मत १९६७ चं. फडताळनी लिहिलेलं २०१९ चं ऐकून गप्प बसले, जुना_लालबावटा काकांचं सुकडीचं ऐकून म्हणाले खरंय, पण सुकडी लहान पोरांना, आम्ही मिलोच खायचो, ती बाहेरून आलेली लाल ज्वारी.

मग ९५ आलं. मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं ते सांगितलं. त्या मतदानाच्या दिवशी आजी पंढरपूरला दवाखान्यात होती, वडील आणि आई दोघं तिच्यापाशी. काका डबा घेऊन गेला होता तो पण तिथंच राहिला. तिघांची मतं राहिली. निकाल लागला तेव्हा आजी घरी आलेली होती, तिनं विचारलं किती मतांनी, वडिलांनी सांगितलं १९२. ती म्हणाली मग १८९ नीच धर. त्यानंतर आमच्या घरात कुणी विचारलं की आबासाहेब ९५ ला कितीनं पडले, तर वडील आजही १८९ सांगतात आणि मी इतकी वर्षं त्यांना चुकीचं आठवतंय म्हणून दुरुस्त करत होतो.